बादलीतला बैल

नथ्थूजींनी मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही. मी तिसरीत असताना ते मला "कॉन्व्हेंट" म्हणू लागले आणि एम.ए. होऊन मी वर्ध्याजवळची आमची नालवाडी सोडली तेव्हाही मी कॉन्व्हेंटच होते. "काय कॉन्व्हेंट, आज सुट्टी काय?" असं ते विचारत. मी मान हलवत असे. बहुतेक दिवशी आमचं बोलणं एवढंच. आमच्या शाळेत मराठी बोललं की शिक्षा होती आणि गल्लीत इंग्रजी बोललं की मुलं हसत, त्यामुळे दोन्हीकडे गप्प राहायची मला सवय लागली होती. नथ्थूजींची त्याबद्दल तक्रार नव्हती. त्यांना बोलायला आवडे आणि समोर ऐकणारं कुणी असलं की पुरे.

माझे वडील रेल्वेत होते. आमच्या भाड्याच्या घराच्या मागच्या भिंतीला लागून नथ्थूजींचं टिनाचं शेड होतं. त्यावर पाटी होती, "नथ्थूजी खेळणी कारखाना, वर्धा". पाटीवर रंगाऱ्याने एक बैल काढला होता, तो बकरीसारखा दिसायचा. कुणी त्याबद्दल बोललं की नथ्थूजी म्हणत, "राहू दे. लोकं बकरी पाहून आत येते अन् बैल घेऊन जाते."

बैल म्हणजे लाकडी बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या भागात तान्हा पोळा असतो. आदल्या दिवशी मोठ्यांचे खरे बैल सजून तोरणाखाली जातात, दुसऱ्या दिवशी पोरांचे लाकडी. चार चाकांच्या पाटीवर उभा केलेला बैल, पाठीवर झूल, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरू. मुलं त्याला दोरीने ओढत मिरवणुकीत नेतात आणि मग घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, मागतात. वर्ध्यात आणि आसपासच्या गावांत त्या काळी ज्या घरात लहान मूल होतं, त्या घरात बहुधा नथ्थूजींच्या कारखान्यातला एक बैल होता. पाटी उलटी केली की खाली तापल्या लोखंडाने उमटवलेला "न" दिसे.

कारखाना ऐन भरात होता तेव्हा तिथे चौदा माणसं काम करत. पांगुळगाडे, भोवरे, भातुकलीची जाती, सगळं तिथे व्हायचं. पण नथ्थूजींचा जीव बैलात. खाकी हाफपँट, बनियन, उजव्या कानावर पेन्सिल, असे ते दिवसभर शेडच्या दारात बसलेले असत. कारण शेवटचं काम त्यांचं होतं. तयार झालेला प्रत्येक बैल ते दोरी बांधून स्वतः रस्त्यावर चालवून पाहत. शेडच्या दारापासून वळणावरच्या कडुलिंबापर्यंत आणि परत. रस्ता गिट्टीचा, मधे एक खड्डा, पावसात चिखल. चालताना ते मागे पाहत नसत. बैल डगमगतो की सरळ येतो हे त्यांना दोरीवरून कळे. "पाहाचं कायले? हाताले समजते," असं म्हणत. परत आलेल्या बैलाला कधी नुसतं थोपटत, कधी पाटी उलटी करून एखादं चाक काढायला सांगत. "चालला तं बैल, नाई तं जळतन," हे त्यांचं वाक्य गल्लीतल्या सगळ्यांना पाठ होतं. जळतन म्हणजे चुलीत घालायचं लाकूड.

मी तिसरीत असताना माझा बैल घ्यायला वडील मला घेऊन गेले, तेव्हा जरा संकोचत म्हणाले, "तशी मुलगी आहे. पण हट्ट धरलाय."

खरं तर मी हट्ट धरला नव्हता. मी फक्त भिंतीवरून रोज बघायची, ते आईच्या लक्षात आलं होतं.

"बैलाले काय मालूम साहेब, दोर कोनाच्या हातात हाये ते," नथ्थूजी म्हणाले आणि दोरी माझ्या हातात दिली. "जाय. त्या निंबापर्यंत अन् वापस. मांगं पाहू नको."

मी निघाले. दहा पावलांवर मला राहवेना आणि मी मागे वळून पाहिलं. मी थांबले म्हणून बैलही थांबला आणि खड्ड्याच्या काठावर कलंडला. शेडमधली माणसं हसली. नथ्थूजी हसले नाहीत. "मांगं पाहिलं की हात ढिल्ला पडते, पोरी. चाल, पुन्हा." मी पुन्हा गेले, या वेळी मागे न बघता. परत येईपर्यंत माझी मान दुखायला लागली होती. तो बैल आजही आमच्या घरी आहे.

हीच त्यांच्या धंद्यातली अडचण होती, पण ती कुणाच्या लक्षात यायला बरीच वर्षं गेली. त्यांचा बैल मोडत नसे. शिवणीचं वाळलेलं लाकूड, प्रत्येक पायाला खाली कूस, म्हणजे लाकडाचीच जीभ, काढलेली, ती पाटीतल्या भोकात ठोकून वर आडवी खुंटी. मोठ्याचा बैल धाकट्याला, धाकट्याचा मावसभावाला. एकदा घरात बैल गेला की ते घर परत कारखान्यात येत नसे. ती कसर दुसऱ्या खेळण्यांवर भरून निघे. मग मी सातवी-आठवीत असताना बाजारात प्लॅस्टिक आलं. चावीच्या मोटारी, शिट्टी वाजवणारे पोपट. भोवरे आणि भातुकली यांचा खप बसला. नथ्थूजींच्या सुनेने नातवासाठी असा एक पोपट आणला. नथ्थूजींनी तो आतून कसा आहे हे बघायला उघडला आणि त्यांना तो पुन्हा जोडता आला नाही. नातू रडायला लागला तेव्हा ते म्हणाले, "रडू नको बाप्पा. त्याच्यात काईच नाई. मी पाह्यलं ना." त्यांची बायको, सरूकाकू, भिंतीवरून आईला म्हणाल्या, "पोपट मेला, अन् यायले आनंद झाला!"

पण आनंद फार दिवस टिकला नाही. चौदा माणसांची नऊ झाली. मी मॅट्रिकला होते त्या उन्हाळ्यात नागपूरचा एक व्यापारी आला. त्याला पोळ्याआधी खूप बैल हवे होते, हलके आणि स्वस्त, प्लॅस्टिकच्या भावात. मी भिंतीशी अभ्यासाचं पुस्तक घेऊन बसले होते. व्यापारी गेल्यावर नथ्थूजी सरूकाकूंना म्हणाले ते मी ऐकलं.

"मजबूत बैल विकून विकून म्याच माह्यं गिऱ्हाईक मारलं. एकदा घेतला की तीस सालं कोनी इचारत नाई."

"मंग काय मोडका विकता?" काकूंनी विचारलं.

"मोडका नाई वं. एका दिवसापुरता. एका दिवसाचाच तं सन हाये."

त्या उन्हाळ्यात शेडमध्ये ओल्या सालईचे ओंडके आले. पायांच्या कुसा, खुंट्या बंद झाल्या. चुलीवर सरस उकळत असे, त्याचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येई. पाय सरसाने पाटीला चिकटवायचे, वरून रंग मारायचा, की झाला बैल. दिवसाला चाळीस-पन्नास निघत. आणि रस्त्यावर कुणी बैल चालवत नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं होतं. दाराशी नथ्थूजींची जागा रिकामी असे, ते आत सरसाच्या भांड्याशी असत. एकदा ते भिंतीशी आले आणि म्हणाले, "काय कॉन्व्हेंट, काय पाहून राह्यली?" मला विचारायचं होतं की चालवून का पाहत नाही. मी मान हलवली आणि पुस्तकात बघितलं.

पोळा पावसाळ्यात येतो, आणि पाणी लागलं की सरस सुटतो. हे वर्ध्यातल्या कोणत्याही सुताराला माहीत असतं. नथ्थूजींनाही माहीत होतं. एक दिवस पाऊस येणार नाही, एवढ्यावर त्यांनी सगळं ठेवलं होतं.

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला आम्ही देवळीला मामांकडे होतो. नागपूरच्या त्या व्यापाऱ्याकडून आलेले स्वस्त बैल तिथल्या दुकानांत आले होते आणि भराभर खपले होते. मामांच्या ओट्यावरून मिरवणूक दिसत होती. शंभरेक मुलं असतील. निघाली तेव्हा आभाळ मोकळं होतं. चौकात येईपर्यंत भुरभुर सुरू झाली. फार पाऊस नव्हता. मुलं पाहत नव्हती, ती तोरणाकडे पळत होती. आधी एक बैल पडला, मग दोन. नंतर मोजता येईना. पाट्या चाकांवर खडखडत पुढे जात होत्या आणि बैल रस्त्यावर आडवे पडून राहत होते, झुलीसकट. पाच-सहा वर्षांचा एक मुलगा रिकामी पाटी ओढत तोरणाखाली जाऊन उभा राहिला.

"अरे, तुह्या बैल कुठी हाये?" एका बाईने विचारलं.

"मांगं हाये ना," तो म्हणाला. त्याने तोवर मागे पाहिलंच नव्हतं.

मग सगळीकडे रडारड झाली. पोळ्याच्या दिवशी बैल पडणं आमच्याकडे साधी गोष्ट नाही. म्हातारी माणसं त्याला अपशकुन मानतात. कुणीतरी पाटी उलटी केली. "पाहा, 'न' हाये. नथ्थूचाच माल."

"वर्ध्याच्या नथ्थूजीचा? त्याचा कसा काय पडन?"

"पडला ना! डोयानं पाहून राह्यले, तरी इचारता?"

मी ओट्यावरून खाली उतरले आणि गर्दीच्या कडेला पडलेला एक बैल आणि त्याची पाटी उचलली. दुसऱ्या दिवशी एस.टी.त तो माझ्या मांडीवरच्या कापडी पिशवीत होता. आईने विचारलं, काय आहे. मी म्हणाले, काही नाही.

घरी आल्यावर मी पिशवी घेऊन सरळ शेडमध्ये गेले. त्याआधी मी एकटी कधी आत गेले नव्हते. नथ्थूजी रंधा मारत होते. मी बैल आणि पाटी त्यांच्या फळीवर ठेवली. त्यांनी रंधा थांबवला. पाटी उलटी करून शिक्का पाहिला, मग पायाखालची जागा बोटाने चोळून ते बोट नाकाशी नेलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"सगळे नाही," मी म्हणाले. मग खोटं बोलल्यासारखं वाटलं म्हणून म्हणाले, "जवळजवळ सगळे."

"पानी आलतं?"

"थोडं."

"पोट्टे रडले?"

मी मान हलवली. तेव्हाच मला म्हणायचं होतं की तुम्ही चालवत नव्हता हे मी पाहिलं होतं. ते मी म्हणाले नाही. नथ्थूजींनी तो बैल लाकूड कापायच्या यंत्राच्या वरच्या फळीवर ठेवला, आडवा, देवळीत पडला होता तसाच. तो तिथून नंतर कधीच हलला नाही.

वर्ध्यात बातमी पसरायला दोन दिवस लागले. पुढचं वर्षभर काही मोडलं की लोक म्हणत, "झाला नथ्थूजीचा बैल." सायकलची चेन तुटली, नथ्थूजीचा बैल. कुणाचा साखरपुडा मोडला, तरी तेच. आमच्या गल्लीतल्या एका लग्नात एक जाडे पाहुणे बसले आणि खुर्ची मोडली, तेव्हा चार जण एकदम ओरडले, "नथ्थूजीचा बैल!" नथ्थूजी तिथेच पंगतीत वाढत होते. त्यांनी वरणाची बादली खाली ठेवली, खुर्ची उलटी करून सांधा पाहिला आणि म्हणाले, "माह्यी नाई हे. माह्यी असती तं पाहुन्यायच्या आधीच पडली असती." मांडव हसला, तेही हसले. पण मग जेवायला ते कुणाला दिसले नाहीत.

कामगार गेले. उरले दोघे. शेडमध्ये दाराच्या चौकटी आणि खाटेचे पाय होऊ लागले. पाटीवरची बकरी उन्हाने पांढरी पडली. सरूकाकू आईला म्हणाल्या, "रातचं जेवत नाई, बोलत नाई. पायच पाहात राह्यते, खाटेचे."

पुढच्या वर्षी पोळ्याच्या आधीच्या बाजाराला मी आणि आई पुन्हा देवळीत होतो. बाजारात झुली, गोंडे, बेगड, घुंगरं यांची दुकानं लागली होती. त्यांच्या शेवटी, वांगी विकणाऱ्या एका बाईशेजारी नथ्थूजी बसले होते. त्यांच्यासमोर पाण्याने भरलेली लोखंडी बादली होती. बादलीत एक बैल होता. लाकूड तरंगतं म्हणून पोटाला दगड बांधला होता. फक्त शिंगं वर दिसत होती. दुसरा माल काहीच नव्हता. हातोडी, पटाशी आणि खुंट्यांची एक थैली, एवढंच.

आई म्हणाली, "चल, त्यांना वाईट वाटेल." पण मी बांगड्यांच्या दुकानाआड उभी राहिले.

लोक थांबत होते आणि हसत होते. "काय नथ्थूजी, बैल जीव देऊन राह्यला काय?"

"देऊ दे," नथ्थूजी म्हणायचे.

"सकायपासून बुडवून ठेवला हो यायनं," वांगीवाली प्रत्येकाला सांगत होती. तिलाही आता त्यात रस आला होता. शेवटी तिनेच विचारलं, "पन काऊन? बैल धुऊन राह्यले का तुमी?"

"नाई बाई," नथ्थूजी म्हणाले. "माह्यं तोंड धुऊन राह्यलो."

मग कुणी फार हसलं नाही.

उन्हं उतरली तेव्हा बाजारातली निम्मी माणसं त्या बादलीभोवती होती. नथ्थूजींनी बैल बाहेर काढला, दगड सोडला, दोरी बांधली आणि ती वांगीवालीच्या हातात दिली.

"मले कायले?"

"मी ओढला तं म्हणान, जपून ओढला. तू ओढ. जसा वाटन तसा."

तिने पदर खोचला आणि ओढला. आधी हळू, मग गोट्यांवरून, मग जनावरं बांधतात तिथल्या चिखलातून. मुलं तिच्यामागे धावत होती. नथ्थूजी आपल्या जागेवर बसून होते, पाठ फिरवून. ते तिच्याकडे पाहत नव्हते. मी मात्र पाहत होते आणि माझा हात बांगड्यांच्या स्टँडवर घट्ट बसला होता. बाई परत आली. बैल पाटीवर उभा होता, गळ्यापर्यंत चिखल.

"चाक बोंबलते एक," ती म्हणाली.

"तेल देतो."

ती दोरी गुंडाळू लागली. "माह्या घरी तीन हायेत पडलेले. मांगच्या सालचे. जळतनात टाकाचे राहून गेलते."

"आनजो," नथ्थूजी म्हणाले. "पाय माह्याकडून."

ती घर जवळच होतं म्हणून तेव्हाच जाऊन घेऊन आली. अंधार पडेपर्यंत नथ्थूजींनी कुसा काढल्या, भोकं पाडली, खुंट्या ठोकल्या. त्या वर्षी त्यांनी एकही नवा बैल विकला नाही. पोळ्यापर्यंत रोज ते पिशवी घेऊन एस.टी.ने कुठल्या ना कुठल्या गावी जात आणि पाय बसवून येत. बरेच बैल जळून गेले होते. जे उरले होते ते लोक संकोचत आणून देत. काही जण तोंडावर बोलत. एका म्हाताऱ्याने बैल हातात दिला नाही, पायाशी टाकला. नथ्थूजींनी तो उचलून आधी त्याच्या शिंगाला लागलेली माती पुसली.

नंतर जे झालं ते हळूहळू झालं. पाय बसवून घ्यायला आलेले लोक घरातले जुने बैलही आणू लागले, बापाच्या लहानपणचे, कान तुटलेले. ते दुरुस्त झालेले पाहून शेजारी म्हणू लागले, आम्हाला असाच नवा हवा. मी बी.ए. होईपर्यंत शेडमध्ये पुन्हा सहा माणसं होती. चौदा नंतर कधी झाली नाहीत. नथ्थूजी पुन्हा दारात बसू लागले, आणि रस्त्यावर कडुलिंबापर्यंत आणि परत, ते चालणं पुन्हा सुरू झालं. त्यांचे गुडघे आता दुखत. कुणी म्हणालं, दुसऱ्याला चालवू द्या, तर म्हणत, "माह्या पायात जेवढे बैल हाये, तेवढेच निघन."

एकदा दिल्लीहून एका मोठ्या दुकानाचं इंग्रजी पत्र आलं. त्यांनी भिंतीवरून मला हाक मारली, "कॉन्व्हेंट, तुह्या कामाचं काई आलं." दुकानाला पाचशे बैल हवे होते, सगळे एकसारखे, चाकांना ओरखडा नको. मी मराठीत सांगितलं.

"लिही, साठ देतो. अन् चाकाले धूळ राहीन. चालवून पाह्यला, म्हणून."

मी लिहिलं आणि त्यांना अर्थ सांगितला. टेस्टेड हा शब्द त्यांना पटला नाही. "म्हणजे काय, चाखून पाह्यला?" मग मी पूर्ण वाक्य लिहिलं, की हा बैल आमच्या रस्त्यावर माणसाने ओढून पाहिलेला आहे. ते म्हणाले, "हां. हे समजन त्यायले." महिन्याने उत्तर आलं. साठ चालतील, असं होतं. धुळीबद्दल काहीच नव्हतं.

"म्हणजे चालते," नथ्थूजी म्हणाले आणि पत्र घडी करून फळीवरच्या त्या आडव्या बैलाखाली ठेवलं.

पुण्याला नोकरी लागली तेव्हा मी सकाळच्या गाडीने निघाले. सायकल रिक्षात पेटी, वळकटी आणि मी. वडील सायकलवर पुढे गेले होते. गल्लीतून वळलो तर समोर रस्त्याच्या मधोमध नथ्थूजी चालले होते, आमच्याकडे पाठ, हातात दोरी, मागे कोऱ्या लाकडाचा, अजून रंग न दिलेला एक बैल. रिक्षावाल्याने घंटी वाजवली. त्यांनी वळून पाहिलं नाही, फक्त डावा हात वर केला.

"नथ्थूजी, गाडी जाईन ना बाईची!"

"थांब. खड्डा हाये समोर," ते तसेच चालत म्हणाले.

रिक्षावाला पाय टेकून थांबला. बैल खड्ड्यात उतरला, एक चाक वर उचललं गेलं, मग तो सरळ झाला आणि बाहेर आला. कडुलिंबापाशी पोचल्यावर नथ्थूजी वळले, तेव्हा त्यांना मी दिसले.

"चालली काय, कॉन्व्हेंट?"

"हो," मी म्हणाले. आणि मग, का कोण जाणे, इतक्या वर्षांनी म्हणाले, "काकाजी, त्या उन्हाळ्यात तुम्ही चालवत नव्हता. मी पाहिलं होतं."

त्यांना कोणता उन्हाळा हे विचारावं लागलं नाही.

"मंग सांगाचं होतं ना," ते म्हणाले. रागाने नाही. दुसऱ्या हाताने दोरीचा पीळ सोडवत म्हणाले. "जाय. गाडी चुकन."

रिक्षा निंबाला वळसा घालून पुढे निघाली. मी तिसरीत केलं होतं तसंच मागे वळून पाहिलं. नथ्थूजी परत शेडकडे निघाले होते, गुडघ्यांत जरा वाकून. मागे न पाहता. बैल त्यांच्या मागून येत होता.